देवीची जादा नस

मंगळवारी उंबरटेकडीवर जायचं तर सकाळी नऊच्या आत पोचावं लागे. नंतर पायथ्याशी जीप लावायला जागा उरत नसे. जळगाव जामोदहून, संग्रामपूरहून, थेट खामगावहून माणसं यायची. गुडघे धरून चढणारे, नातवाच्या खांद्यावर हात टाकून चढणारे, पदराने घाम पुसत चढणाऱ्या बायका. पायऱ्या एकशे बत्तीस. मध्ये टेकायचं नाही, असा महाराजांचा दंडक. टेकलात तर दोष तिथेच चिकटतो म्हणे, आणि मागून येणाऱ्याच्या पायाला लागतो. त्यामुळे कोणाला दम लागला की मागचेच लोक त्याला ढकलत वर नेत.

वर उंबराचं मोठं झाड होतं आणि फांद्यांना तोरणं बांधलेली होती. आंब्याच्या पानांची नव्हेत, झेंडूचीही नव्हेत. रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं दोरीत ओवून टांगली होती, शेकड्यांनी. गोळ्या बुंध्याजवळच्या हौदात टाकायच्या आणि रिकामं पाकीट फांदीला बांधायचं, याला 'गोळी उतरवणं' म्हणत. मी बावीस वर्षं या भागात उपकेंद्राची नर्स आहे. घरोघर फिरून, लोकांच्या हातापाया पडून ज्या गोळ्या मी त्यांच्या गळी उतरवल्या होत्या, त्यांचीच पाकिटं झाडाला लटकताना पाहिली, तेव्हा माझ्या तोंडून जी शिवी निघाली ती इथे लिहिता येत नाही.

झाडाखाली चौरंगावर नाडीनाथ महाराज बसत. मूळ नाव राजकुमार. काही वर्षांपूर्वी हा गृहस्थ खामगावच्या बाजारात लोहचुंबकाची कडी विकत असे. संधिवातापासून नवरा-बायकोच्या भांडणापर्यंत सगळ्यावर एकच कडं. तो धंदा बसला आणि त्याला साक्षात्कार झाला. बहुतेक बाबांना साक्षात्कार धंदा बसल्यावरच होतो, हे माझं जुनं निरीक्षण आहे.

"मी अंगारा देत नाही! मी गंडा बांधत नाही!" महाराज गरजत. "हे विज्ञानाचं युग आहे, बाप्पा! मी मशीन लावतो. मशीन कोनाची? कंपनीची! मशीनले देव माहीत नाही, मशीनले महाराज माहीत नाही. थे पाह्यते थेच सांगते!"

खरोखरच त्यांच्याजवळ मनगटाला बांधायचं रक्तदाबाचं यंत्र होतं, आकडे दाखवणारं, अगदी खरं. त्या दिवशी पहिला नंबर जनकाबाई नावाच्या म्हातारीचा लागला. एकशे बत्तीस पायऱ्या एका दमात चढून आली होती, श्वास मावत नव्हता. तिला स्टुलावर बसवून यंत्र बांधलं.

"हात धरणीकडे सोड, माय. दोष उतरू दे धरणीत."

म्हातारीने हात खाली लोंबता सोडला. १८८. चेल्याने आकडा मोठ्याने वाचला. गर्दी हळहळली. मग गोळ्या हौदात, पाकीट फांदीला, आणि अर्धा तास सावलीत मौन. माठातलं गार पाणी. नंतर पुन्हा स्टूल, पुन्हा तेच यंत्र.

"आता हात डोस्क्यावर ठेव. माउलीच्या पायाखाली आपलं डोस्कं हाय असं समज. डोळे मीट."

१२४.

"उंबराई माउलीचा विजय असो!" टेकडी दणाणली. म्हातारी रडायला लागली. कोणीही रडेल. वीस मैलांवरून आलेल्या बाईला कंपनीच्या यंत्राने तू बरी झालीस असं सांगितलं, तर ती दुसरं काय करणार?

आकडा पाहून झाला की लोक चौरंगाच्या उजव्या बाजूला बसलेल्या मुलीच्या पाया पडत. लाल साडी, मळवट भरलेला, मांडीवर हात ठेवून ती एका जागी बसलेली. वय एकोणीस. ती आमच्या गावची करिष्मा. तिच्यासाठीच मी टेकडी चढले होते. तिच्या गोळ्या बंद होऊन त्या दिवशी सोळा दिवस झाले होते, आणि गोळ्या सुरू झाल्या नाहीत तर ती जगणार नाही, हे त्या टेकडीवर फक्त मला माहीत होतं.

करिष्मा ही इंद्रभान आणि रुखमाबाईची एकुलती एक पोरगी. पोलीस भरतीच्या तयारीला लागली होती. पहाटे शाळेच्या मैदानावर आठशे मीटर पळायची आणि वेळ स्वतःच मोबाइलवर मोजायची. गावातल्या पोरांना ती मागे टाकायची म्हणून पोरं तिच्या पळण्याची नक्कल करत. ती वळून इतक्या खणखणीत शिव्या द्यायची की नक्कल बंद व्हायची. तिचं डोकं दुखायचं. तीन वेळा ती माझ्याकडे डोकेदुखीची गोळी मागायला आली आणि तीनही वेळा मी ती देऊन टाकली. ऊन असेल, रिकाम्या पोटी पळत असेल, असं मला वाटलं. एकोणीस वर्षांच्या मुलीचा रक्तदाब कोणी मोजत नाही. मीही मोजला नाही. ही माझी चूक आहे आणि ती मी कोणावर ढकलणार नाही.

चौथ्या वेळी तिला मैदानावरूनच आणलं. नाकातून रक्त थांबत नव्हतं. तेव्हा दंडाला पट्टा बांधला. २०४ वर १२८. मला वाटलं यंत्र बिघडलं. दुसरं लावलं. तेच.

आमच्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर प्रसेनजित चिखलीकडचे, वयाने तरुण, पण कान टवकारलेला माणूस. त्यांनी गोळ्या सुरू केल्या आणि त्याच आठवड्यात तिला अकोल्याला पाठवलं. रक्तवाहिन्यांचे फोटो निघाले. अहवाल आल्यावर त्यांनी इंद्रभान आणि रुखमाबाईला समोर बसवलं.

"काका, प्रत्येक किडनीला साधारण एक मोठी रक्तवाहिनी जाते. करिष्माच्या डाव्या किडनीला दोन जातात. जन्मापासून. नुसत्या जादा नळीला भ्यायचं कारण नाही. चार-पाच माणसांत एकाला ती असते आणि मरेपर्यंत त्याला पत्ता नसतो. नुसत्या जादा नळीने दाब वाढतो का, यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहे. पण हिच्याबाबत वाद नाही. हिची ती दुसरी नळी तोंडाशीच आवळलेली आहे."

इंद्रभानने विचारलं, "असन आवळलेली. पन किडनी कुठं अन् डोस्कं कुठं? डोस्कं कायले दुखते मंग?"

प्रश्न चांगला होता. डॉक्टरांनी उलट विचारलं, "तुमच्या गल्लीत शेवटचं घर कोणाचं?"

"गुलाबरावचं."

"त्याच्या नळाला पाणी येतं?"

"कुठून? रोज बोंबलते थो."

"समजा त्याच्या पाइपात गाळ आहे. तो टाकीवाल्याकडे जाऊन बोंबलला. टाकीवाल्याने मोटरचा जोर वाढवला. गाळ तसाच, त्यामुळे गुलाबरावला पाणी कमीच. तो पुन्हा बोंबलला, टाकीवाल्याने पुन्हा जोर वाढवला. काय होईल?"

"बाकीच्याइचे नळ फुटतीन."

"तेच होतंय. किडनीच्या त्या तुकड्याला रक्त कमी पडतं, म्हणून तो साऱ्या अंगाला सांगतो, दाब वाढवा. आणि फुटायला आलंय डोकं, डोळे, हृदय. मांडीतून बारीक नळी घालायची, टोकाचा फुगा फुगवून ते आवळलेलं तोंड मोकळं करायचं. तासाभराचं काम. अकोल्याची तारीख अडीच महिन्यांनंतरची मिळाली आहे. तोवर गोळी एक दिवस चुकवायची नाही."

"चित्र काढून द्या डॉक्टर, म्हणजे नीट समजेल," असं मीच म्हणाले. डॉक्टरांनी एका कोऱ्या कागदावर दोन किडन्या काढल्या. उजवीला एक रेघ, डावीला दोन. खाली सही केली. इंद्रभानने कागद घडी घालून खिशात ठेवला.

गोळ्यांनी महिन्याभरात दाब १४८ वर आला. डोकं दुखायचं थांबलं. करिष्मा मला म्हणाली, "सिस्टर, भरतीच्या मेडिकलमधी निघन का हे?" मी म्हटलं, फुगा घालून झाला की तुझा दाब माझ्यापेक्षा चांगला असेल. ती हसली आणि तेव्हाच मैदानावर पळायला निघाली होती, मी ओढून बसवलं.

रुखमाबाईला स्वतःलाही रक्तदाब होता. तिचा दाब उंबरटेकडीवर १८६ चा १२६ झाला होता, सगळ्या गावाने ऐकलं होतं. मायेपोटी ती पोरीला घेऊन गेली आणि सोबत तो कागद नेला. महाराजांनी कागद उलटसुलट पाहिला, कपाळाला लावला आणि चौरंगावर उभे राहिले.

"पाह्य रे! डॉक्टर सोताच्या सहीनं लिहून देते का देवानं या पोरीले एक नस जादा देली! सगळ्याइले एक, हिले दोन! हे कोनाची नस हाय? माउलीची नस हाय! डोस्कं दुखत नाही बे, माउली डोस्क्यात येऊन राह्यली! अन् हे दवाखान्यावाले काय म्हनतात? त्या नसीत फुगा घालतो! देवीच्या वाटेत फुगा! अरे, फुगे जत्रेत घ्या!"

लोक हसले. रुखमाबाई हसली आणि तिने पोरीच्या गोळ्या स्वतःच्या हाताने हौदात टाकल्या. तो कागद चौकटीत बसवून झाडाला टांगला गेला, त्यावर रोज कुंकू पडू लागलं. दर चार-पाच माणसांत एकाला असणारी नळी! त्या हिशेबाने समोर बसलेल्या गर्दीत शंभर देव्या होत्या आणि दोनशे देवीचे भाऊ. पण हिशेब करायला तिथे कोण आलं होतं?

मी त्यांच्या घरी गेले. रुखमाबाई दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही.

"बाई, पोरगी मरेल."

"सिस्टर, तुम्हाले देवाचं वावडं हाय, आम्हाले नाही. तुमच्यात देवच नाहीत. म्हनून आमच्या घरी आलेल्या देवीले गोळ्या चारता काय?"

'तुमच्यात' या शब्दाचा अर्थ मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. करिष्मा माझ्या हातांवर जन्मली. बाळ अडलं होतं, रस्ता चिखलाने बंद होता, तेव्हा रुखमाबाईने माझा दंड नखं रुतेपर्यंत धरला होता आणि तुमच्यात काय असतं, हे विचारलं नव्हतं. मी हे तिला ऐकवलं. तिने दार लावून घेतलं.

म्हणून मी टेकडी चढले. म्हटलं, पाहू तरी हा माणूस करतो काय. रांगेत बसले. डोक्यावर पदर, नाव खोटं सांगितलं. माझा दाब वर्षानुवर्षं १२० च्या आसपास. पायऱ्या चढून, हात खाली सोडून १७१. अर्ध्या तासाने हात डोक्यावर ठेवून ९१.

एक्क्याण्णव! तेही मी रागाने थरथरत असताना. एक्क्याण्णवला माणसाला उठताना चक्कर यायला हवी, आणि मला तर महाराजांच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. तिथेच स्टुलावर माझ्या डोक्यात उजेड पडला. दंड आणि मनगट यांत फरक आहे. दंड कायम छातीजवळ असतो, मनगट नेऊ तिथे जातं. रक्तालाही वजन आहे, ते काही हवेत तरंगत नाही. मनगट हृदयाच्या एक वीत खाली नेलं की आकडा पंधरा-सतराने चढतो, एक वीत वर नेलं की तेवढाच उतरतो. खाली लोंबता हात ते डोक्यावरचा हात, म्हणजे साठेक आकड्यांचा चमत्कार. वर एकशे बत्तीस पायऱ्यांचा दम, आणि अर्ध्या तासाची सावली. यंत्राच्या खोक्यात चिठ्ठी असते, तिच्यावर चित्रच असतं: मनगट छातीच्या पातळीवर धरा. महाराजांनी ती चिठ्ठी आमच्यापेक्षा लक्ष देऊन वाचली होती.

उठताना मी करिष्मासमोर वाकले, पाया पडायला आल्यासारखी. हळूच म्हटलं, "करिष्मा, मी आहे."

"आवाजावरून वळखलं," ती पुटपुटली. "सिस्टर, चेहरे अंधुक दिसतात. महाराज म्हनते, भाईरचे डोळे मिटले का आतले उघडतात. खरं असन का हो?"

मी तिथेच ओरडणार होते. चेल्यांनी मला पुढे ढकललं. खाली येऊन डॉक्टरांना फोन लावला. त्यांना म्हटलं, आठ दिवस थांबायचं नाही. पण इंद्रभान पोरीला घरी आणेना, टेकडीच्या धर्मशाळेत ठेवलेली, आणि सज्ञान मुलगी "मी ठीक हाय" म्हणते म्हटल्यावर पुढच्या मंगळवारपर्यंत आम्हाला तिच्याजवळ कोणी जाऊ दिलं नाही.

त्या मंगळवारी डॉक्टर प्रसेनजित आणि मी गर्दीत पुढे जाऊन उभे राहिलो. डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, "महाराज, मला गोळ्या द्यायचा कंटाळा आला. तुमची विद्या शिकवा. मशीन तुमचंच, माणूस इथलाच."

गर्दीसमोर नाही म्हणता येईना. गुलाबराव पुढे आला, तोच तो गल्लीच्या टोकाचा. सकाळपासून सावलीत बसलेला होता, म्हणजे दमाचा प्रश्न नव्हता. डॉक्टरांनी यंत्र बांधलं. हात खाली: १९२. "आता मंत्र नाही, मौन नाही, पाणी नाही. फक्त हात डोक्यावर." १३१. "आता छातीपाशी." १६०. "पुन्हा खाली." १९०.

"मी देव नाही," डॉक्टर म्हणाले. "मी फक्त हात वरखाली केला."

गर्दीतून कोणीतरी म्हटलं, "माह्या मनगटाले लावा बरं." मग दुसरा, मग तिसरा. लोक आपापले हात वर-खाली करून आकडे पाहू लागले. एक बाई तर खुदकन हसली. जनकाबाई हौदाजवळ जाऊन गोळ्या शोधायला लागली, पण तिथे हजार गोळ्यांचा लगदा झाला होता. गुलाबराव महाराजांवर धावून गेला, "पाच वारी चढवलं मले, भामट्या!" महाराज म्हणाले, "डॉक्टरनं मशीनले नजर लावली!" या वेळी हसं त्यांचं झालं. मला वाटलं, जिंकलो. पाच मिनिटांसाठी मला तसं खरंच वाटलं.

डॉक्टर करिष्माजवळ गेले. दंडाला पट्टा बांधला. २४६ वर १४८.

"सिस्टर कुठं हायेत?" करिष्मा म्हणाली. "आवाज येऊन राह्यला. दिसून नाही राह्यलं मले. काहीच."

मी तिचा हात धरला. तो माझ्या हातात वळला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ती चौरंगाच्या कडेला आपटून खाली पडली, आचके देऊ लागली.

"आली! माउली आली!"

हे कोण ओरडलं ते मला आजही माहीत नाही. महाराज ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण आवाज बाईचा होता. हलगी वाजू लागली. आत्ता पाच मिनिटांपूर्वी स्वतःचं मनगट वर-खाली करून फसवणूक समजून घेतलेली माणसं हात जोडून नाचू लागली. हळद-कुंकवाच्या मुठी तिच्या डोळ्यांत, नाकात पडू लागल्या. एकाने तिच्या दातांत लिंबू कोंबलं. डॉक्टर तिला कुशीवर वळवायला वाकले तर तिघांनी त्यांना मागे ओढलं. "अंगात आलेल्या देवीले परपुरुष हात लावते?" आणि रुखमाबाई, तिची आई, तिच्या झटकणाऱ्या पायांवर डोकं ठेवून म्हणत होती, "माउली, धन्य केलं आम्हाले."

मी लिंबू काढताना माझी बोटं चावली गेली. मी किंचाळत होते, पण हलगीपुढे कोणाला ऐकू येणार? गुलाबरावने हलगी हिसकावून खाली फेकली, तेव्हा कुठे आवाज थांबला. नऊ मिनिटं गेली होती. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं होतं.

चौरंग उलटा केला, त्यावर तिला घातलं आणि सहा जण तिला घेऊन एकशे बत्तीस पायऱ्या उतरले. महाराज टेकडीच्या मागच्या बाजूने उतरले. ते आमच्या आधी खाली पोचले असावेत, कारण त्यांची जीप दिसली नाही.

मेंदूच्या डाव्या भागात रक्तस्राव झाला होता. करिष्मा वाचली, हे आधी सांगते. वाचली हा शब्द किती निर्दयपणे वापरता येतो हे मला त्या तीन आठवड्यांत कळलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. डावा डोळा बराचसा परत आला, उजव्याने उजेड तेवढा कळतो. मग तब्येत सावरल्यावर तिच्या त्या अरुंद नळीत फुगा घातला. चाळीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी दाब ११६ वर ७६. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, तंतोतंत. आता तिचा दाब माझ्यापेक्षा चांगला आहे.

महाराजांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल आहे. जामीन मिळाला आहे. ते सध्या दुसऱ्या जिल्ह्यात लोकांच्या रक्तातली साखर मोजतात असं ऐकते.

करिष्माची वाचा गेली. डॉक्टरांनी समजावलं की डोक्यात विचार येत असावेत, पण शब्द बाहेर आणणारा भागच मोडला आहे. अशा रोग्यांना कधी कधी एखादाच शब्द उरतो, आणि प्रत्येक वेळी तोच बाहेर पडतो. करिष्माला उरला तो 'हाव', आमच्याकडचं 'हो'. पाणी पाहिजे? हाव. नको? हाव. दुखतं का? हाव.

दोन महिन्यांनी मी तिच्या व्यायामासाठी घरी गेले तर अंगणात चपला. ओसरीवर पंधरा-वीस माणसं. खुर्चीत करिष्मा, लुळा हात मांडीवर. समोर नारळ, उदबत्ती. एक तरणा बाप पुढे वाकून विचारत होता, "माउली, माह्या पोराचं फिट येनं थांबन का?"

"हाव," करिष्मा म्हणाली.

बापाने जमिनीला डोकं टेकलं. कोणाला मुलगा होणार होता, कोणाला नोकरी लागणार होती, सगळ्यांना हाव. माउलीने बाकीची वाचा काढून घेतली आणि फक्त होकार ठेवला, असं आसपासच्या गावांतून पसरलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात घरातून रुखमाबाई आली. ती दोन महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. तिच्या हातात केरसुणी होती, ती तिने बाजूला ठेवली.

"थांबा," ती लोकांना म्हणाली. "मी इचारतो. तुमी ऐका."

ती पोरीसमोर उकिडवी बसली.

"करिष्मा, तू बोकड हायेस का?"

"हाव."

लोक चुळबुळले.

"उद्या सूर्य खामगावच्या टेसनातून निंगन का?"

"हाव."

"या सगळ्याइचे पोट्टे आजच मरतीन का?"

"हाव."

"अवो बाई!" एक बाई किंचाळली. तरणा बाप उठून उभा राहिला, त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"घाबरू नका, काही मरत नाहीत," रुखमाबाई म्हणाली. "अन् काही बरे पन होत नाहीत. तिच्यापाशी एकच शब्द हाय. मी आठ दिस तिले एकटीले इचारून पाह्यलं, मंग मले समजलं. डॉक्टर खरं सांगत होता. तुह्या पोराले फिट येते न भाऊ? दवाखान्यात ने. आजच ने."

कोणी जायला निघालं नाही. ओसरीवर उदबत्तीचा वास होता. करिष्माच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं, ते तिची आई पदराने पुसत राहिली. मग तिने हात थांबवला.

"करिष्मा, तुह्या गोळ्या कोनं फेकल्या? म्यानं फेकल्या न?"

"हाव."

ती समजून म्हणाली की तोच एक शब्द पुन्हा आला, हे मला सांगता येणार नाही. डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. रुखमाबाई मात्र उठली आणि लोकांकडे वळली.

"हा एवढा एक हाव खरा धरा," ती म्हणाली. "बाकीचे खोटे हायेत. नारळ उचला, घरी जा, अन् आपापल्या पोरायच्या दंडाले एकदा मशीन लावून घ्या."